मुलांच्या शाळेत मुली का हव्यात

मुलांच्या जुन्या अनुदानित शाळांच्या बैठकांत मुलींना प्रवेश देण्याचा विषय निघतो, तेव्हा त्याच्या आधीचा विषय बहुतेक वेळा पटाचा असतो. मराठी माध्यमाची पटसंख्या घसरलेली असते, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची संख्या ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीत, पदं कमी झालेली असतात, एखादी तुकडी बंद पडलेली असते, एखादे सर अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत समायोजन करायच्या यादीत गेलेले असतात. मग कुणीतरी म्हणतं, मुली घेऊन बघू या. ठराव होतो. माजी विद्यार्थी हळहळतात, शाळेचं जुनं वळण गेलं म्हणतात आणि जूनमध्ये पाचवीच्या वर्गात चार-सहा मुली येऊन बसतात.

ठरावाचा मला मनापासून आनंद आहे. त्याच्या कारणाचं मात्र वाईट वाटतं. वर्ग तुडुंब भरले असते तर हा विषय निघालाच नसता, असा त्याचा अर्थ होतो. ज्यांच्यासाठी दार उघडायचं त्यांना रिकाम्या बाकांची भरती म्हणून बोलावणं बरोबर नाही. मुलांच्या शाळांनी मुलींना घ्यायला हवं, आणि एकही बाक रिकामा नसता तरी घ्यायला हवं होतं. या शाळा ज्या हेतूनं निघाल्या त्या हेतूचा अर्धा भाग अजून पुरा व्हायचा आहे. ही मागणी बाहेरून आलेली नाही. अशा शाळांपैकी सगळ्यात नामांकित, पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलच्या, पहिल्या पिढीतल्या एका शिक्षकानंच ती स्पष्ट शब्दांत केली होती.

१८७९ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली शिक्षकाची नोकरी सोडली. पुढच्या जानेवारीत पुण्याच्या बुधवार पेठेत, मोरोबादादांच्या वाड्यात, न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. चिपळूणकर तेव्हा तिशीच्या आत होते. त्यांच्याबरोबर आलेले बाळ गंगाधर टिळक तेविशीत होते. महादेव बल्लाळ नामजोशी होते, लवकरच वामन शिवराम आपटे आले, आणि एम.ए. झाल्यावर गोपाळ गणेश आगरकर येऊन मिळाले. या वयाची हुशार, पदवीधर माणसं सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून वाड्यात शाळा काढतात, याचं अप्रूप आज दीडशे वर्षं होत आली तरी कमी होत नाही.

ती शाळा खासगी होती, पण मालकीची नव्हती. फायद्यासाठी ती निघालीच नव्हती. इंग्रजी विद्या सरकारच्या हातून घेण्याऐवजी आपल्या माणसांनी, आपल्या हिमतीवर, परवडेल अशा फीमध्ये द्यावी, हा त्यामागचा विचार होता. पुढे २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज निघालं. तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं संस्थेची सेवा करीन, असं वचन देणारे आजीव सदस्य हा या संस्थेचा कणा झाला. गोपाळ कृष्ण गोखले त्यांतलेच एक. आज शिक्षणसंस्था म्हटल्यावर डोनेशन आणि इमारत निधी डोळ्यांपुढे येतात. त्या काळात खासगी शाळा काढणं म्हणजे स्वतःची मिळकत कमी करून घेणं होतं.

या शाळेचं वळण शिक्षकांनी घडवलं. टिळक गणित आणि संस्कृत शिकवत, आणि गणित फळ्यावर सविस्तर मांडण्यापेक्षा तोंडी सोडवण्याकडे त्यांचा ओढा होता, अशी आठवण सांगितली जाते. आपटे शिस्तीला कडक. विद्यार्थ्यांच्या आणि अभ्यासकांच्या पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्यावर वाढल्या तो संस्कृत-इंग्रजी कोश त्यांनी शाळेचा कारभार सांभाळत रचला आणि तो १८९० मध्ये प्रसिद्ध झाला. शाळा निघून एक वर्ष होतं न होतं तोच, जानेवारी १८८१ मध्ये, याच मंडळींनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रं सुरू केली. सकाळी मुलांना व्याकरण शिकवणारा माणूस रात्री अग्रलेख लिहीत होता. आपले मास्तर काय लिहितात ते मुलांना कळत होतं, आणि त्यासाठी ते काय सोसतात तेही कळत होतं. कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध पत्रांतून छापलेल्या मजकुरावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात, १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि दोघांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढले. कुठल्या क्रमिक पुस्तकात असा नागरिकशास्त्राचा धडा असेल?

दोघे तुरुंगात असतानाच, त्या वर्षीच्या सप्टेंबरात, सरकारनं नेमलेलं शिक्षण कमिशन पुण्यात आलं. विल्यम हंटर अध्यक्ष होते. त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल पाहिलं आणि सरकारी मदतीविना, तरुणांच्या जोरावर चाललेल्या त्या शाळेचं तोंडभरून कौतुक केलं. शाळेच्या इतिहासात हा प्रसंग नेहमी अभिमानानं सांगितला जातो, आणि तो सांगण्यासारखा आहेच.

पण त्याच कमिशनपुढे, त्याच पुण्यात, आणखी दोन आवाज उठले होते. त्यांतला एक पंडिता रमाबाईंचा. चोविशीतली ही विधवा बाई, कडेवर लहान मुलगी, त्या वर्षी पुण्यात आली होती आणि आर्य महिला समाज स्थापन करून बसली होती. तिनं कमिशनला सांगितलं की मुलींना शिकवायला स्त्रिया तयार करा, तपासनीसही स्त्रिया नेमा, स्त्रियांना वैद्यकी शिकण्याची सोय करा. आणि हेही सांगितलं की या देशातले शंभरातले नव्व्याण्णव सुशिक्षित पुरुष स्त्रीशिक्षणाच्या विरोधात आहेत. साक्ष देताना तिच्या डोळ्यांपुढे कोण होते? पुण्यातले शिकलेले पुरुष. जे शाळा काढत होते, चालवत होते आणि त्या शाळांतून बाहेर पडत होते, ते.

दुसरा आवाज जोतीराव फुल्यांचा. त्यांनी ऑक्टोबरमध्ये कमिशनला निवेदन दिलं. रयतेच्या करातून जमा होणारा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो आणि ज्यांच्या घामाचा तो पैसा त्यांच्या मुलांना साधी प्राथमिक शाळाही मिळत नाही, हे त्यांनी आकड्यांच्या आणि अनुभवाच्या आधारावर मांडलं. फुले आणि सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली ती १८४८ साली. म्हणजे मोरोबादादांच्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूल भरू लागलं तेव्हा, त्याच बुधवार पेठेत, मुलींनी पाटी-पेन्सिल हातात घेऊन बत्तीस वर्षं झाली होती. त्यामुळे ‘तेव्हा मुली शिकतच कुठे होत्या’ हा बचाव पुण्याच्या बाबतीत तरी टिकत नाही. मुलींनी शिकावं हा विचार तिथल्या हवेत होता, त्याला शाळा होती, शिक्षिका होती, आणि तिनं त्यासाठी अंगावर शेण-दगड झेलले होते.

एकाच वर्षी, एकाच गावात, एकाच कमिशनपुढे तीन गोष्टी आल्या: धडाडीनं काढलेली मुलांची शाळा, तिच्यात ज्यांना जागा नाही अशा मुलींची बाजू, आणि तिच्यात ज्यांची मुलं पोचतच नाहीत अशा रयतेची बाजू. आपल्या शाळांचे शतकोत्तर महोत्सव पहिल्या गोष्टीचे होतात. बाकीच्या दोन गोष्टी वेगळ्या धड्यात, वेगळ्या जयंतीला येतात. माझ्या मते शाळेचा खरा इतिहास या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्याशिवाय कळत नाही.

ही शाळा दिवसाची होती. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी यायचं. वसतिगृहाच्या शाळेत मुलाच्या जेवणाखाण्याची सोय शाळा करते. दिवसाच्या शाळेत ती गाव करतं. कोकणातून, देशावरून शिकायला आलेल्या गरीब मुलांना पुण्यानं पोसलं ते माधुकरीवर आणि वारावर. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे वार लावून जेवणारी मुलं त्या काळातल्या आत्मचरित्रांत पानोपानी भेटतात. त्या मुलांच्या चिकाटीविषयी आपण आदरानं बोलतो. त्यांच्यासाठी पहाटे चूल पेटवणाऱ्या घरातल्या बाईविषयी आणि तिच्या हाताखाली वावरणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीविषयी फारसं कुणी बोलत नाही. परक्याचा मुलगा आपल्या ओसरीवर जेवून शाळेत जातो, आणि घरची मुलगी त्याचं खरकटं काढते. त्या शाळेला खत-पाणी तिनंही घातलं होतं, असं मी म्हणेन. फक्त तिचं नाव हजेरीपटावर नव्हतं. मुलांची शाळा पुरुषांनी उभी केली हे विधान म्हणूनच अर्धं आहे.

१८८४ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक यांच्यासारख्यांनी पुण्यात मुलींचं हायस्कूल काढायचं ठरवलं. तीच आजची हुजूरपागा. टिळकांनी ‘मराठा’तून त्या शाळेच्या स्वरूपाला विरोध केला. मुलींना इंग्रजी धर्तीचा अभ्यासक्रम नको, पूर्ण दिवसाची शाळा नको, घरकामाला वेळ राहील अशी थोड्या तासांची शाळा पुरे, असा त्यांचा रोख होता. टिळकांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे आणि तो या लेखानं रेसभरही कमी होत नाही. पण मुलाचा दिवस शाळेला मोकळा आणि मुलीचा दिवस घराला बांधलेला, ही विभागणी त्यांनी त्या वादात उघड मांडली. मुलगा अकरा ते पाच वर्गात बसू शकतो कारण घरात त्या वेळात कुणीतरी राबतं. हे त्यांना दिसत होतं. ते बदलावं असं त्यांना वाटत नव्हतं.

आगरकरांना वाटत होतं. १८८८ मध्ये त्यांचं ‘सुधारक’ हे पत्र सुरू झाल्यावर त्यांनी जे निबंध लिहिले त्यांतल्या एकाचा मथळाच असा आहे की स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं. दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत. मुलींना शिकवा एवढं म्हणणारे त्या वेळीही बरेच होते. त्यांतले बहुतेक जण मुलींना वेगळं आणि बेतानं शिकवा म्हणत. आगरकरांनी अभ्यासक्रमही एक मागितला आणि वर्गही एक मागितला. हा माणूस न्यू इंग्लिश स्कूलचा शिक्षक होता, फर्ग्युसनचा प्राचार्य होता. बाहेरचा टीकाकार नव्हता. दम्यानं पोखरलेल्या शरीरानं, तुटपुंज्या पगारावर, सनातन्यांनी जिवंतपणी काढलेली प्रेतयात्रा पाहून त्यानं हे लिहिलं, आणि १८९५ साली, चाळिशीही गाठली नसताना, तो गेला.

म्हणून, मुलांची शाळा मुलांचीच ठेवणं म्हणजे संस्थापकांची परंपरा जपणं, असं कुणी म्हणतं तेव्हा मला विचारावंसं वाटतं: कोणत्या संस्थापकाची? त्यांच्यातच या प्रश्नावर दोन मतं होती आणि त्यांतलं एक मत आजच्या राज्यघटनेशी जुळतं. संस्थेनंही पुढे कॉलेजच्या पातळीवर आगरकरांचंच ऐकलं. इरावती कर्वे १९२६ साली पदवीधर झाल्या त्या फर्ग्युसनमधून, मुलांच्या बरोबर बसून. अठराव्या वर्षी चालतं ते अकराव्या वर्षी का चालू नये, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

मी बरीच वर्षं मुलांच्या शाळेत मराठी शिकवलं. त्या शाळेवर माझा जीव होता, आजही आहे. मुलांचा आपसातला बेबनाव पाच मिनिटांत मिटायचा, वर्गात कोण कुठल्या घरातून आलाय याचा पत्ता लागू नये असं मिसळणं असायचं, मैदानावर हातपाय फुटले तरी तक्रार नसायची. रिक्षावाल्याचा मुलगा आणि डॉक्टरचा मुलगा एका डब्यात जेवायचे. माजी विद्यार्थी जेव्हा शाळेच्या वळणाविषयी भरून बोलतात तेव्हा ते याच गोष्टींविषयी बोलत असतात, आणि ते खोटं नाही. पण यांतली एकही गोष्ट मुली नसल्यामुळे आलेली नव्हती. कमी फी, मोठं मैदान, पंचक्रोशीतून येणारी सगळ्या थरांतली मुलं आणि जुने, मुरलेले शिक्षक यांच्यामुळे ती आली होती.

मुली नसल्यामुळे जे आलं तेही मी पाहिलं. आठवीत किंवा नववीत नाट्यउतारा असला की मी मुलांना पात्रं वाटून देई आणि उभं करून वाचायला लावी. पुरुषाची वाक्यं मुलं व्यवस्थित वाचत. बाईचं वाक्य आलं की वाचणारा मुलगा आवाज बारीक करी, मान वेळावी, आणि वर्ग हसत सुटे. वाक्य कितीही गंभीर असो, नवरा गेलेल्या बाईचं असो नाहीतर मुलाला लढाईवर पाठवणाऱ्या आईचं असो, हसू ठरलेलं. मुलं वाईट नव्हती. त्यांच्या दिवसभराच्या जगात बाई म्हणजे एक तर मी, म्हणजे ‘बाई’, नाहीतर नकलेचा विषय. मधलं काही नव्हतं. आपल्यासारखंच गृहपाठ विसरणारी, आपल्यापेक्षा चांगलं गणित सोडवणारी, मधल्या सुट्टीत भांडणारी, सर्दी झालेली, परीक्षेला घाबरलेली मुलगी त्यांना दिसतच नव्हती. पुढे मी संस्थेच्याच एका मिश्र शाळेत गेले. तोच उतारा, तेच वय. तिथे बाईचं वाक्य मुलगी वाचे, कधी कमी पडल्या तर मुलगा वाचे, आणि कुणीही आवाज बारीक करत नसे. पुढच्या बाकावर बसलेली मुलगी तशी बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

मिश्र शाळेत त्रास नव्हता असं मी म्हणणार नाही. चिठ्ठ्या होत्या, चिडवाचिडवी होती, फळ्यावर नावांच्या जोड्या लिहिल्या जात, आणि एक-दोन प्रकरणं मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेली. तिथे पालकांना बोलावून, मुलाला समोर बसवून, तिच्या वहीवर तू काय लिहिलंस आणि तिला कसं वाटलं हे त्याच्याकडून वदवून घ्यावं लागलं. हे शिक्षकांना जड जातं, वेळखाऊ आहे, नको वाटतं. पण शाळेचं काम ते हेच. दहावीपर्यंत मुलगी न पाहिलेला मुलगा हे सगळं अकरावीत, नोकरीत किंवा लग्नानंतर करतो. तेव्हा त्याला समोर बसवणारं कुणी नसतं.

मुलांच्या शाळेत बाईमाणूस किती गृहीत धरलेलं नसतं, ते इमारतीतही दिसतं. माझ्या शाळेत शिक्षिकांसाठी एकच स्वच्छतागृह होतं. त्याला कुलूप असे आणि किल्ली कार्यालयात, कारकुनांच्या पाठीमागच्या खिळ्याला. किल्ली मागायची म्हणजे फी भरायला आलेल्या पालकांच्या रांगेपुढून जाऊन, काऊंटरवरून हात करून मागायची. आम्ही कितीतरी वेळा लेखी दिलं. दरवेळी उत्तर एकच, मुलांची शाळा आहे, गैरवापर होतो. आता अशाच इमारतीत अकरा-बारा वर्षांच्या मुली येणार असतील तर त्या मुलींनी पाळीच्या दिवसांत किल्ली कुणाकडे मागायची, हा प्रश्न प्रवेशाच्या जाहिरातीआधी सुटायला हवा.

आता अभ्यासाचं. मुलामुलींना वेगळं ठेवलं की लक्ष विचलित होत नाही आणि गुण वाढतात, ही समजूत घट्ट आहे. २०१४ साली मानसशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात २१ देशांतल्या १८४ अभ्यासांचा, सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की ज्या अभ्यासांत मुलांची घरची परिस्थिती आणि आधीची तयारी नीट विचारात घेतली होती, त्यांत वेगळ्या शाळेचा फायदा जवळजवळ उरत नाही. नामांकित मुलांच्या शाळांचे निकाल चांगले लागतात ते बरेचसे तिथे येणाऱ्या मुलांमुळे. याच्या उलट बाजूचा एक भक्कम पुरावाही आहे आणि तो झाकणं योग्य नाही. दक्षिण कोरियात सोल शहरात कुणाला कुठली शाळा मिळणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरे, त्यामुळे तिथली तुलना अधिक स्वच्छ होती. आणि तिथे वेगळ्या शाळांतल्या मुलामुलींना कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत काहीसे जास्त गुण मिळालेले दिसले. तो पुरावा मी मानते. पण परीक्षेतल्या थोड्या गुणांसाठी माणसांच्या निम्म्या जगाशी दहा वर्षं अनोळखी राहायचं, हा सौदा मला मान्य नाही. न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्यांनी तरी शाळेला गुणांचा कारखाना कधी मानलं होतं?

कायदा याबाबत मुलांच्या शाळांना अडवत नाही. राज्यघटनेच्या कलम २९(२) मध्ये सरकारी किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा यांच्या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही, असं म्हटलं आहे. त्या यादीत लिंग नाही. म्हणून मुलांची शाळाही वैध आणि मुलींचीही. पण कलम १५(३) स्त्रिया आणि बालकं यांच्यासाठी खास तरतूद करायला मुभा देतं, आणि मुलींच्या शाळेमागे घटनेचा हा आधार उभा राहतो. केवळ मुलग्यांसाठीच्या शाळेमागे तसा कुठलाच आधार नाही. ती केवळ चालत आली म्हणून चालते. १९६२ साली नेमलेल्या हंसा मेहता समितीनं मुलामुलींचा अभ्यासक्रम वेगळा नसावा आणि प्राथमिक पातळीवर सहशिक्षण हीच सर्वसाधारण रीत असावी, असं सांगितलं. केरळच्या बालहक्क आयोगानं जुलै २०२२ मध्ये तर राज्यातल्या सगळ्याच शाळा पुढच्या शैक्षणिक वर्षापासून सहशिक्षणाच्या कराव्यात असा आदेश दिला.

केरळचा तो आदेश मला सरसकट पटत नाही, आणि इथे मुलांच्या आणि मुलींच्या शाळांना एकच माप लावू नये असं माझं ठाम मत आहे. मुलींची शाळा आहे म्हणून घरातून बाहेर पडू शकणाऱ्या मुली आजही आहेत. वडील, आजोबा, भाऊ यांचा होकार ‘फक्त मुलींची आहे ना’ या एका वाक्यावर अडलेला असतो. तिथे वेगळी शाळा बंद केली तर ती मुलगी मिश्र शाळेत जात नाही. घरी बसते आणि दोन वर्षांत तिचं लग्न होतं. शिवाय मुलींच्या शाळेत वर्गप्रमुख मुलगी असते, प्रयोगशाळेत उपकरणाला हात घालणारी मुलगी असते, मैदान पूर्ण तिचं असतं. मुलांच्या शाळेमुळे शिक्षण मिळालं, नाहीतर घरी बसला असता, असा मुलगा मला दाखवा. म्हणून मुलांच्या शाळांनी आज दार उघडावं आणि मुलींच्या शाळांनी घाई करू नये, या दोन्ही गोष्टी मी एकाच तोंडानं म्हणते. यात विसंगती नाही. दोन्हींच्या मागची परिस्थिती वेगळी आहे.

संस्था खासगी आहे, कुणाला घ्यायचं ते आम्ही ठरवू, असंही म्हणतात. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो आणि त्या तिजोरीत मुलींच्या आईबापांचाही कर असतो. फुल्यांनी १८८२ साली घेतलेला आक्षेप इथे जसाच्या तसा लागू पडतो. विनाअनुदानित संस्थाही सार्वजनिक विश्वस्त निधी म्हणून नोंदलेली असते, सवलती घेते. चिपळूणकर-आगरकरांच्या काळात खासगी असण्याचा उपयोग सरकार करत नाही ते पुढे होऊन करण्यासाठी झाला. आज त्याचा उपयोग समाज जिथे पोचला त्याच्या मागे राहण्यासाठी होत असेल तर ती त्यांची परंपरा नव्हे.

आता ज्या शाळा दार उघडताहेत त्यांच्यासाठी. चार मुलींना चाळीस मुलांत बसवू नका. त्या वर्षभर एकमेकींना धरून एका कोपऱ्यात बसतात आणि पुढच्या जूनमध्ये दाखला काढून जातात. पालक म्हणतात, तिला करमलं नाही. तुकडीत किमान एक तृतीयांश मुली येईपर्यंत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवा आणि त्या भरण्यासाठी शिक्षकांनी वस्तीत, सोसायट्यांत, बालवाड्यांत फिरा. पट टिकवण्यासाठी शिक्षक दारोदार फिरतातच. हे फिरणं त्याहून मोलाचं आहे. सुरुवात पाचवीपासून करा, आठवीपासून नको, कारण तेरा वर्षांच्या मुलांच्या जमलेल्या वर्गात नव्यानं शिरणं कुठल्याही मुलीला जड जाईल. क्रीडाशिक्षकांना आधी तयार करा. मुलांच्या शाळेचं मैदान हीच तिची खरी दौलत असते आणि मुलींना पहिल्यांदा तिथूनच बाजूला सारलं जातं: ‘तुम्ही लेझीम बसवा, कबड्डी मुलांची.’ कबड्डीचा संघ मुलींचाही पहिल्याच वर्षी उतरवा, हरला तरी चालेल. शाळा समितीवर आणि माजी विद्यार्थी संघावर शिक्षिका आणि माता-पालक घ्या.

आणि ठरावाच्या मसुद्यात कारण लिहिताना ‘घटती पटसंख्या लक्षात घेता’ हे शब्द खोडा. तिथे लिहा की १८८८ नंतर कधीतरी आपल्याच एका शिक्षकानं हे सांगितलं होतं आणि कार्यकारिणी ते आता मान्य करत आहे. तो ठराव पाचवीच्या पहिल्या दिवशी वर्गात, मुलांना आणि मुलींना एकत्र बसवून, वाचून दाखवा. आगरकर कोण होते असं एखादी मुलगी विचारेल. तिला सगळं सांगा, रमाबाईंचंही सांगा, वारावर जेवणाऱ्या मुलांचंही आणि त्यांना वाढणाऱ्या घरांचंही.